विहिरीतला ऑडिटर

आमच्या विहिरीत पारवे आहेत, हे मला पोहायला यायच्या आधीपासून माहीत आहे. मंगळवेढ्याच्या बाजूला काळ्या रानात आमची मोटेची विहीर आहे. मोट आजोबांच्या काळातच संपली, पण थारोळं आणि धाव अजून जागेवर आहेत. आतल्या दगडी बांधकामात जागोजाग खबदाडी आहेत. काही मुद्दाम सोडलेल्या, काही चुना झडून झालेल्या. त्या प्रत्येकीत पारव्यांचं बिऱ्हाड. लहानपणी आमचा ठरलेला खेळ होता. काठावर पालथं पडायचं, खडा सोडायचा, आणि तो पाण्यात पडल्याचा आवाज येतोय न येतोय तोवर वीस-पंचवीस पारवे भर्रकन तोंडावरून वर जायचे. त्या वाऱ्यानं डोळे आपोआप मिटायचे. ते परत आत उतरले की परत खडा. त्यांना त्रास होत असेल वगैरे कुणाच्या डोक्यात नव्हतं. शेवाळ विहिरीचं, कासव विहिरीचं, तसे पारवे विहिरीचे.

हीच जात पुण्यात सहाव्या मजल्यावर आली की तिची 'कबुतरं' होतात. मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, तीन हिवाळे सुका खोकला होता. छातीच्या डॉक्टरांनी तपासायच्या आधीच विचारलं, "घराजवळ कबुतरं आहेत?" होती. एसीच्या बाहेरच्या डब्यामागे पाच-सहा जोड्या नांदत होत्या. वाळलेल्या विष्ठेची धूळ आणि पिसांवरची पावडर वर्षानुवर्षं श्वासातून आत जात राहिली, की काही जणांची फुप्फुसं त्याविरुद्ध पेटून उठतात आणि हळूहळू ताठर होत जातात, हे तेव्हा कळलं. तिचं दुखणं तिथवर गेलं नव्हतं. आम्ही लगेच जाळी मारून घेतली. त्या दिवसापासून कबुतर दिसलं की मी टाळी वाजवतो. अजूनही वाजवतो. पुढचं वाचताना हे ध्यानात असू द्या. मी पक्षिप्रेमी वगैरे नाही.

२०२४च्या मार्चमध्ये बँकेतून निवृत्त झालो आणि मे महिन्यात विहिरीचा गाळ काढायला घेतला. मंगळवेढ्याहून गाळ वर ओढायची यारी आली, बरोबर चार माणसं आली. दुसऱ्या दिवशी यारीचा वायर रोप झोका खाऊन पश्चिमेच्या भिंतीला घासला आणि तिथला एक दगड घरट्यासकट खाली आला. घरटं म्हणजे तरी काय, पंचवीस-तीस काड्या, एक तारेचा तुकडा, आणि हे सगळं सिमेंटासारखं धरून ठेवणारी वाळकी घाण. त्यात दोन पिल्लं होती. एक गाळात पडलं ते पडलंच. दुसरं गाळाच्या बकेटीतून वर आलं. चिखलावर बसून, पाळण्यात बसल्यासारखं.

आमचे वाटेकरी भगवानतात्या जवळच होते. म्हणाले, "दादा, ह्ये न्हाई जगायचं. बांधावर ठिवा, ज्याचं त्ये नेईल."

आधी मी ते परत ठेवायचा प्रयत्न केला. पाटीत गोणपाट घातलं आणि ती पाटी दोराने दुसऱ्या एका खबदाडीशी टेकवून बांधली. पण यारी सहा वाजेपर्यंत घरघरत होती. पिल्लाचे आईबाप लिंबावर येऊन बसत, विहिरीवर एक घिरटी मारत, परत लिंबावर. खाली उतरायची त्यांची छाती होईना. गाळाचं काम अजून चार दिवस चालणार होतं. दिवस मावळताना मी पाटी वर ओढून घेतली.

पिल्लू कमालीचं कुरूप होतं. अंगावर पिसं नव्हती, पिसांच्या निळसर नळ्या होत्या, टोकाशी जेमतेम उमललेल्या. त्यांच्यामधून पिवळे विरळ केस. चोच तोंडाच्या मानाने भलतीच मोठी, मुळाशी सुजल्यासारखी. उचलायला गेलो तर ते पायांवर उभं राहिलं, अंग फुगवलं, माझ्याकडे एका डोळ्याने पाहिलं आणि चोच 'टक्' करून वाजवली. आमच्या शाखेत ऑडिटला एक साहेब यायचे. चहा पुढे केला की आधी कपाकडे असंच बघायचे. नाव तिथल्या तिथे पडलं.

"घरात आणायचं नाही," मंगल ओसरीवरूनच म्हणाली. तिचं बरोबर होतं. बैल विकल्यापासून गोठा रिकामा होता. ऑडिटरने गोठ्यात मुक्काम करावा, मी त्याला हात लावला की शर्ट बाहेरच काढावा, साबणाने हात धुतल्याशिवाय उंबरा ओलांडू नये, अशा अटी ठरल्या. मी एका वाटीत गाईचं दूध कोमट केलं, त्यात पावाचा तुकडा बुडवला, आणि मग सुचलं म्हणून सायलीला, आमच्या मुलीला, बंगळूरला फोन लावला. तिची एक मैत्रीण जखमी पक्षी सांभाळते. दहा मिनिटांत त्या मुलीचाच फोन आला.

"काका, आधी सांगा, दूध पाजलंत का?"

"पाजणार होतो."

"नका पाजू. पावही नको. आणि चोचीत पाणी तर अजिबात ओतायचं नाही. जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं."

मग तिने जे सांगितलं ते मी बँकेच्या जुन्या डायरीत लिहून घेतलं. पारव्यांचं दूध वेगळं असतं, आणि ते असतं हेच मला नवीन होतं. अंडी फुटायच्या सुमारास आईबापांच्या गळ्याखालच्या पिशवीचं अस्तर जाड होतं, त्याच्या पेशी चरबीने आणि प्रथिनांनी भरून सुटू लागतात, आणि पनीरच्या चुऱ्यासारखा तो ऐवज ते पिल्लाला भरवतात. पहिले काही दिवस फक्त तोच. मग हळूहळू त्यात दाणे मिसळत जातात. गाईच्या दुधातली साखर त्यात नसते, म्हणून गाईचं दूध या पोटाला झेपत नाही. हे दूध आणणारं संप्रेरक प्रोलॅक्टिन, म्हणजे बाळंतिणीला दूध आणणारं तेच. पक्ष्यांमध्ये हा प्रकार पारवे-होल्यांच्या कुळाखेरीज फक्त रोहित पक्ष्यांत, म्हणजे फ्लेमिंगोंत, आणि एम्परर पेंग्विनमध्ये आहे. आमच्या उजनीच्या पाण्यावर येणारे, भिगवणला ज्यांचे फोटो काढायला लोक पहाटेपासून बसतात, ते रोहित. पण डायरीत मी ज्या ओळीखाली रेघ मारली ती अशी: दूध नरालाही येतं.

नुसतं दूधच नाही, अंडी उबवायलाही नर बसतो. साधारण सकाळी दहापासून दुपार कलेपर्यंत तो, बाकीचा वेळ मादी.

"म्हणजे बँकेचीच वेळ की," मी म्हणालो.

मंगल भाकरी थापत होती. ती थांबली. "सायलीच्या वेळी तुम्ही एकदा तरी रात्री उठला होतात का हो?"

मी आठवून पाहिलं. मग आठवायचं नाटक केलं. परातीवर परत थप थप सुरू झाली.

भरवण्याची पद्धत अशी होती. वाळलेले हिरवे वाटाणे रात्री भिजवायचे, सकाळी अर्धेकच्चे शिजवायचे, साल काढायची, कोमट असतानाच एकेक करून द्यायचे. पारव्याचं पिल्लू चिमणीच्या पिल्लासारखं आ वासत नाही. ते आपली चोच आईबापाच्या तोंडात खुपसतं आणि तिथून ओढून घेतं. त्यामुळे आपल्याला चोच बाजूने हलकेच उघडून वाटाणा जिभेच्या मागे ठेवावा लागतो. पहिल्या दिवशी वीस वाटाण्यांना पाऊण तास गेला. त्यातले अकरा जमिनीवर. ऑडिटर मान झटकून वाटाणा असा भिरकावायचा की तो दावणीच्या पलीकडे जाऊन पडे. गळ्याखालची पिशवी हाताला मऊ लागली पाहिजे, फुग्यात भिजवलेली डाळ भरल्यासारखी, आणि पुढच्या वेळेआधी ती रिकामी झालेली असली पाहिजे. दिवसातून चारदा. रात्री काही द्यायचं नाही, या वयाला लागत नाही, असं त्या मुलीने दोनदा सांगितलं होतं. तरी मी रात्री दोनला बॅटरी घेऊन उठायचो. करायचं काहीच नसायचं. पाटीत पाहायचं, ऑडिटर एक डोळा उघडायचा, मी बॅटरी विझवायचो. मंगल खाटेवरून काही बोलायची नाही. ते जास्त वाईट.

चौथ्या दिवशी मला हात बसला आणि तिथेच घोळ झाला. आता वाटाणे भराभर जात होते. तीस गेले म्हणून चाळीस घातले, त्याने अजून मान पुढे केली असं वाटलं म्हणून आणखी दहा. आमच्या घरात हे पिढीजात आहे. जेवणारा ताटावर आडवा हात धरतो आणि आई त्या हाताच्या फटीतून भाकरी सरकवते. संध्याकाळी पाहिलं तर गळा चेंडूसारखा टणक, सकाळचं सगळं आत तसंच. ऑडिटर कोपऱ्यात पिसं फुलवून, डोळे मिटून बसला होता. चोच वाजवली नाही. मी हात लावला तरी नाही.

फोन केला. "काहीही घालू नका काका," ती म्हणाली. "ऊब द्या, कोमट पाण्यात नुसतं चोचीचं टोक बुडवा, प्यायचं तर पिईल. बाकी थांबा."

उघड्यावर अजून झळ होती आणि मी ऊब शोधत होतो. शेवटी गरम पाण्याची बाटली गोणपाटात गुंडाळून पाटीत ठेवली. वाटीत चोच बुडवली, आणि तेव्हा मी एक गोष्ट पहिल्यांदा नीट पाहिली. कोंबडी घोट घेते आणि मान वर करून तो खाली उतरवते. बहुतेक पक्षी तसेच पितात. पारवा मात्र चोच पाण्यातच ठेवून ओढतो, बैलासारखा. गळ्याशी पाणी जाताना दिसतं. तो तीन वेळा प्यायला आणि परत मिटून बसला. मी शेजारी बाजेवर. हातात वाटीभर सोललेले वाटाणे तसेच राहिले होते, आणि ते खाली ठेवायचं मला सुचत नव्हतं. पहाटे पावणेपाचला गळा अर्धा मऊ लागला. सकाळी नऊला रिकामा. नऊ वाजून पाच मिनिटांनी ऑडिटरने माझ्या अंगठ्याला 'टक्' केलं. मी ओसरीपर्यंत ओरडत गेलो. भगवानतात्यांना वाटलं साप निघाला.

त्या आठवड्यात सापाने नाही, पण एका माशीने मात्र मला नाचवलं. पारव्यांच्या पिसांत एक चपटी माशी राहते, खेकड्यासारखी तिरकी पळते, रक्तावर जगते. ती पिसातून निघाली आणि माझ्या बाहीत शिरली. चिरडायला जावं तर चिरडत नाही, इतकी चिवट. त्या प्रसंगाचं वर्णन मंगल माझ्यापेक्षा चांगलं करते.

पुढे मात्र सगळं झपाट्याने झालं. पारव्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा १५ ग्रॅमच्या आसपास असतं आणि महिन्याभरात आईबापाच्या वजनाला येऊन भिडतं. मी त्याला प्लास्टिकच्या डब्यात घालून गावातल्या किराणा दुकानातल्या काट्यावर नेत असे. दुकानदार काट्यावर आधी कागद अंथरायचा आणि "दादा, ह्येचा भाव काय?" असं दर वेळी विचारायचा. पहिल्यांदा १७० ग्रॅम भरलं, बारा दिवसांनी २९०. नळ्या फुटून पिसं आली. पारवा रंग आला. आईकडे एक पारवी इरकल होती, त्या रंगाचं नाव कुठून आलं हे मला साठीच्या तोंडावर गोठ्यात बसून कळलं. मानेवर अजून ती हिरवी-जांभळी झाक नव्हती. ती रंगाची नसतेच, पिसांच्या बारीक रचनेवरून उजेड परतताना तसा दिसतो. डोळे मळकट तपकिरी होते, मोठे झाले की नारिंगी होतात. आणि डोक्यावर दोन पिवळे केस टिकून होते, म्हाताऱ्या शास्त्रीबुवांच्या शेंडीसारखे.

वाटाणा भरवणं बंद करून फुग्याची बाटली सुरू केली. छोट्या बाटलीच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून बसवायचं, त्याला चीर द्यायची, आत भिजवलेली ज्वारी-बाजरी. ऑडिटर त्या चिरेत तोंड खुपसून असा तुटून पडे की बाटली दोन्ही हातांनी धरावी लागे. बापाच्या घशाची नक्कल एका जत्रेतल्या फुग्याने इतकी छान वठवावी, याचं मला जरा वैषम्यच वाटलं. मग कोरडे दाणे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या भाकरीचं कौतुक पुण्या-मुंबईत ऐकतो. ऑडिटरला त्याचं काही नव्हतं. तो दाण्याकडे नुसता बघत बसायचा. मी बोटाने ज्वारीत टिचटिच करून दाखवायचो, कोंबडीसारखं. दोन दिवसांनी त्याने दाणा सोडून माझ्या नखावर चोच मारली. तिसऱ्या दिवशी नखाच्या बाजूचा दाणा उचलला, पाडला, उचलला, आणि गिळला. मी मंगलला हाक मारली. ती गोठ्याच्या दारापर्यंत आली, तोंडाला पदर लावून उभी राहिली, आणि तिने तो प्रकार पूर्ण पाहिला.

मृग लागला तेव्हा तो आढ्यापर्यंत उडत होता. विहिरीचं काम संपलं होतं, पारवे परतले होते, आणि सकाळ-संध्याकाळ अंगणात टाकलेल्या मूठभर ज्वारीवर आठ-दहा जण उतरायला लागले होते. मी गोठ्याचं दार उघडं ठेवू लागलो. ऑडिटर दारातून त्यांच्याकडे बघायचा. मग पत्र्यावर जाऊन बसायला लागला. मग त्यांच्यात, पण कडेला. एका सकाळी लिंबावर शिक्रा आला. बाकीचे सगळे एका झटक्यात आभाळात, आणि हा एकटा अंगणाच्या मधोमध दाणे टिपतोय. मी ताटली बडवत धावलो. तो गेला, पण कुठे, तर गोठ्यात. त्याला शिक्ऱ्याचं भय नव्हतं, ताटलीचं होतं. हे मात्र मी कसं शिकवणार होतो? बोटाने टिचटिच करून शिक्रा दाखवता येत नाही. तीन दिवसांनी थवा परत उधळला तेव्हा तो त्यांच्याबरोबर उधळला. त्यांच्या मागे जरासा, वळताना बाहेरच्या बाजूने. पण त्यांच्याबरोबर. त्या रात्री गोठा रिकामा होता. मी दोनला उठलो, बॅटरी घेतली, आणि मग आठवलं.

गेल्या वर्षी, २०२५च्या ऑगस्टमध्ये, मुंबईत दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला आणि आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. दोन्हीकडच्यांनी मला साक्षीला ओढलं. एकांना वाटलं मी मुक्या जिवांची बाजू घेईन, दुसऱ्यांना मंगलचा खोकला माहीत होता. माझं मत मी लिहून टाकलं. एकाच चौकात पोत्यांनी दाणे ओतून दाट वस्तीत पाखरं वाढवत नेणं बरोबर नाही. आणि शंभर वर्षं आपणच सवय लावलेल्या पाखरांचा शिधा एका दिवसात तोडायचा, हेही बरोबर नाही. दोन्ही तट नाराज झाले. पण मला ती बातमी पाहताना सारखी ती रात्र आठवत होती, गळा गच्च भरलेला आणि घालणारा अजून हातात वाटी धरून बसलेला. हे ग्रुपवर लिहिलं नाही. तिथे सगळे आमच्या आईच्या हातचं जेवलेले आहेत.

पण हे पुढचं झालं. त्याआधी, त्याच २०२४च्या दिवाळीत आम्ही परत गावी गेलो. विहीर पाऊण भरली होती. काठावर गेलो, इकडेतिकडे कुणी नाही असं पाहिलं, आणि खडा सोडला. अठरा मोजले. सगळे राखाडी, पंखांवर दोन काळे पट्टे, कंबर राखाडी. युरोपातल्या रानपारव्याची कंबर पांढरी असते म्हणे, आपल्याकडच्यांची नाही. शेंड्या गळून गेलेल्या, माना चमकणाऱ्या, एकासारखा एक.

मंगल मागून आली होती. "त्यातला कुठला हो?"

मी एकाकडे बोट दाखवलं. तिला खरं वाटलं नाही, मलाही नाही.

पुण्याला परतलो तर जाळीचा एक कोपरा उसवला होता आणि एसीच्या डब्यामागे सहा काड्यांवर दोन पांढरी अंडी होती. मी टाळी वाजवली, जोडी उडाली. मग जाळीवाल्याला फोन लावला. तो उद्याच येतो म्हणाला. मी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, पेन घेतलं. उबवायला १८ दिवस, पिल्लू उडेपर्यंत वर ३३, दोन-चार दिवस सवलतीचे. डिसेंबर उलटत होता.

"संक्रांतीनंतर या," मी म्हणालो.

मंगलने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. "तोवर ती खिडकी उघडायची नाही," ती म्हणाली. "आणि खालची घाण रोज तुम्ही पुसायची. ओल्या फडक्यानं. तोंडाला मास्क लावून. झाडू मारला तर बघा."

सकाळी सव्वादहाला नर येऊन अंड्यांवर बसला. मी फडकं पिळत होतो.